एरियलची केबल

भूकंपात दूरध्वनी बंद पडले, तरी हौशी रेडिओचालक संदेश पोहोचवितात. २००१ साली भूजच्या भूकंपात हे दिसून आले. रेडिओयंत्र व छपरावरील एरियल यांना कोॲक्सिअल केबल जोडते. मध्ये तांब्याची तार, भोवती विद्युतरोधक वेष्टन, त्यावर तारांची जाळी व बाहेर कवच, अशी तिची रचना असते.

केबलची लांबी आणि लहरींची कंपनसंख्या वाढली, की अधिक शक्ती वाटेतच उष्णतारूपाने नष्ट होते. ३० मीटर लांबीच्या बारीक आरजी-५८ केबलमधून ७ मेगाहर्ट्झवर सुमारे तीन चतुर्थांश शक्ती पोहोचते; १४४ मेगाहर्ट्झवर मात्र एक चतुर्थांशच. तेथे जाड आरजी-२१३ घेतल्यास सुमारे निम्मी शक्ती पोहोचते.

येणाऱ्या संदेशाचीही हीच गत. म्हणून उच्च कंपनसंख्येसाठी केबल जाड घ्यावी आणि आखूड ठेवावी. संकटग्रस्ताची क्षीण हाक केबलमध्येच विरून जाता कामा नये.