विश्लेषण : लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ गप्पच का राहिला?

चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि टकलाभोवती उरलेले चार केस. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर अनेक दशके रोज दिसत होता. त्याच्या तोंडी मात्र शब्द नव्हते. लक्ष्मण यांच्या विनोदाची खरी ताकद या मौनातच होती.

कॉमन मॅन आला कुठून?

म्हैसूरमध्ये १९२१ साली जन्मलेल्या लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता. ‘फ्री प्रेस जर्नल’नंतर १९४७ मध्ये ते ‘टाइम्स’मध्ये आले. सुरुवातीला ‘जनता’ दाखवण्यासाठी ते बंगाली, तमिळ, पंजाबी अशी माणसांची गर्दीच काढत. पण रोजच्या घाईत एवढ्या आकृत्या काढायला वेळ पुरेना. गर्दी कमी होत होत शेवटी एकच माणूस उरला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘यू सेड इट’ या चौकटीत तो कायमचा रुळला.

तो बोलत का नाही?

या चौकटीत बहुतेकदा दुसरेच कुणीतरी बोलते : मंत्री, अधिकारी, डॉक्टर, शेजारी. कधी त्याची बायको. बोलणारा आपल्याच शब्दांत सापडतो. कॉमन मॅनने त्यावर टोमणा मारला असता, तर ते लक्ष्मण यांचे मत ठरले असते. तो नुसता बघतो, त्यामुळे निष्कर्ष वाचकाला काढावा लागतो.

टीका कोणावर असे?

महागाई, पाणीटंचाई, रस्त्यांवरचे खड्डे, रेशनच्या रांगा, उद्घाटने आणि आश्वासने हे त्यांचे नेहमीचे विषय. घोषणा आणि प्रत्यक्ष जगणे यांतली दरी दाखवताना त्यांनी सत्ताधाऱ्यांनाही सोडले नाही आणि विरोधकांनाही.

‘फ्री प्रेस’मधले त्यांचे सहकारी बाळासाहेब ठाकरे यांची वाट वेगळी होती. ठाकरे यांनी १९६० मध्ये ‘मार्मिक’ सुरू केले आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन केली. त्यांचे व्यंगचित्र चळवळीचे हत्यार झाले, तर लक्ष्मण यांनी बघ्याची जागा सोडली नाही. या भूमिकेला मर्यादाही आहे. कॉमन मॅन सारे सोसतो, पण मोर्चात उतरत नाही.

आज हे महत्त्वाचे का?

व्यंगचित्र सत्तेला झोंबते, हे नवे नाही. आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली. व्यंगचित्रांना वाहिलेले ‘शंकर्स वीकली’ १९७५ मध्येच बंद झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. टीकेनंतर सरकारने तो आरोप मागे घेतला. या प्रकरणात २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, हिंसेला चिथावणी नसलेली सरकारवरची टीका हा राजद्रोह ठरत नाही, ही भूमिका अधोरेखित केली.

लक्ष्मण यांचे २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात निधन झाले. कॉमन मॅनचा पुतळा पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आहे, तसाच वरळीच्या समुद्रकिनारीही आहे. पुतळ्यांना हार घालणे सोपे असते. रोज सकाळी आपल्यावरच केलेली थट्टा पहिल्या पानावर छापू देणे, ही सत्तेची खरी परीक्षा असते.