एका सतरंजीवर बसलं की झालं का?

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आजचा विषय पैशांचा नाही, पण गट टिकण्याचा नक्की आहे.

आमच्या गटात अकरा जणी. काही गावठाणातल्या, काही वस्तीवरच्या, तीन मोहल्ल्यातल्या. बैठक एकाच सतरंजीवर व्हायची, पण कोणी कुठल्या कोपऱ्यात बसायचं हे न बोलताच ठरलेलं. हप्ता गोळा झाला, सह्या झाल्या की ज्या त्या आपल्या वाटेला. आम्हाला वाटायचं, आमचा गट किती मिळूनमिसळून आहे! मग उन्हाळ्यात पापडांची ऑर्डर घेतली. "तिला पाकिटं भरू दे, पिठाला हात नको," असं दोघी म्हणाल्या. ज्या ताईबद्दल म्हणाल्या ती तिथंच होती. ती उठली आणि गेली. आम्ही बाकीच्या गप्प बसलो, हे आमचंच चुकलं.

वेगवेगळी माणसं एकत्र कशानं राहतात, यावर अभ्यास करणारे लोक आहेत. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या नोंदी तपासल्या आणि शहरांच्या जोड्या लावल्या. अलीगढ आणि कालिकत ही एक जोडी. दोन्हीकडे मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण जवळपास सारखं, पण अलीगढमध्ये दंगली होत राहिल्या आणि कालिकत शांत राहिलं. फरक कशाचा? कालिकतमध्ये व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या संघटना दोन्ही समाजांच्या मिळून होत्या. अफवा उठली की त्याच माणसांना ती खोडून काढता यायची, कारण दंगल झाली तर दोघांचाही धंदा बसणार. तिथं सुमारे 83 टक्के लोकांनी सांगितलं, आम्ही एकमेकांबरोबर जेवतो. अलीगढमध्ये हे प्रमाण 54 टक्के होतं. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या शहरात नुसत्या शेजारधर्मावर भागत नाही, एकत्र कामाची संघटना लागते.

आपल्याजवळचं उदाहरण भिवंडीचं. यंत्रमागाच्या या गावात 1970 आणि 1984 मध्ये मोठ्या दंगली झाल्या. नंतर 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं शांततेच्या दिवसांतही नेमानं भेटायला लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही, हे तिथं दिसलं.

आणखी एक अभ्यास जातींबद्दलचा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मॅट लोव या अभ्यासकानं तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले. एकाच संघात वेगवेगळ्या जातींचे खेळाडू आले, तेव्हा जातीपलीकडची मैत्री वाढली. समोरच्या संघाशी मात्र तसं झालं नाही, उलट दुरावा आला. म्हणजे नुसती भेट पुरत नाही, एका बाजूनं खेळावं लागतं. आपल्याकडे 'या वस्तीचा गट विरुद्ध त्या वस्तीचा गट' अशा स्पर्धा लावतात, त्या लावणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आम्ही काय केलं? गटाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी, हे सगळेच गट करतात. आम्ही ठरवलं, पेटी गावठाणात असेल तर किल्ली वस्तीवर किंवा मोहल्ल्यात जायची, आणि दर सहा महिन्यांनी बदलायची. बाजारालाही अशाच जोडीनं जायचं. सुरुवातीला कुरकुर झाली, सासवांची जास्त. पण जत्रेच्या आठवड्यात मोबाईलवर मारामारीचा व्हिडिओ फिरायला लागला, तेव्हा पेटीवाल्या काकूंनी तो पुढे पाठवण्याआधी किल्लीवाल्या भाभींना फोन लावला. व्हिडिओ आपल्या गावचा नव्हताच. दोघींनी मिळून आपापल्या गल्लीत तसं सांगितलं.

ती ताई अजून परत आलेली नाही. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो, माफी मागितली. तिनं चहा दिला, हो म्हणाली नाही. पापडांचा हंगाम महिन्यावर आला आहे. यंदा पीठ कोण मळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरणार आहे. अकरा चिठ्ठ्या केल्या आहेत, तिच्याही नावाची.