पांढरा कागद वेगळा, चकचकीत कागद वेगळा

विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. त्या आठवड्यात पालकांची एक तक्रार दरवर्षी कानावर येतेच: "सर, बालभारतीचं पुस्तक बघा कसं पिवळट! आणि बाजारातलं गाइड बघा, पांढरंशुभ्र, चकचकीत." या बोलण्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. पांढरेपणा एक, चकाकी दुसरी. कागद कारखान्यात दोन्ही वेगवेगळ्या मोजतात, आणि दोन्ही मोजतात कागदावरून परत येणाऱ्या उजेडावरून.

घरीच करून बघा. खोलीत अंधार करा. लग्नाच्या गुळगुळीत पत्रिकेवर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरपा धरा आणि समोरच्या बाजूने तितक्याच तिरप्या नजरेने बघा. उजेडाचा ठिपका डोळ्यात शिरेल. आता तेच बालभारतीच्या आतल्या पानावर करा (७० जीएसएम क्रीमवोव्ह, असं पुस्तकातच छापलेलं असतं). ठिपका फिसकटलेला दिसेल. त्या पानावर तंतूंचे बारीक उंचवटे असतात, त्यामुळे उजेड सगळीकडे विखुरतो. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हा नियम हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी प्रयोग करून तपासला होता. चकाकी मोजण्याचं यंत्र त्याच नियमावर चालतं.

यंत्रात दिवा कागदावर फार तिरपा पडतो: उभ्या रेषेपासून ७५ अंश, म्हणजे कागदापासून जेमतेम १५ अंश वर. समोर तितक्याच कोनात उजेड टिपणारा डोळा. आरशासारखी घासलेली काळी काच म्हणजे १००, आणि त्या मापाने कागदाला आकडा मिळतो. इतका तिरपा कोन का? कारण वरून बघितलं तर कागदाच्या चकाकीतला फरक नीट कळतच नाही.

शुभ्रतेचं उलट. तिथे उजेड चारी बाजूंनी पाडतात आणि वरून बघतात, तेही फक्त ४५७ नॅनोमीटरचा निळा उजेड. पिवळट कागद निळा रंग गिळतो, म्हणून पिवळेपणा निळ्यातच पकडला जातो. आजकाल कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात टिनोपॉलसारखं रसायन घालतात. ते अतिनील किरण घेऊन निळा उजेड सोडतं. दुकानात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली झेरॉक्सचा कागद धरा, निळा पेटल्यासारखा दिसेल. खरी नोट तशी पेटत नाही.

म्हणजे पांढरा कागद चांगला आणि पिवळट वाईट, असा हिशेब नाही. चकचकीत पानावर ट्यूबलाइट पडली की अक्षरं पुसल्यासारखी होतात आणि पोरगं पुस्तक इकडे-तिकडे फिरवत बसतं. क्रीमवोव्हवर हा त्रास कमी.

पण चकाकी नेहमी अडचणीचीच, असंही नाही. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कागद-कारागिरांची ही वस्ती, असं सांगतात. हाताने केलेल्या कागदाला खळ लावायची आणि अकीकच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटल्यावर उंचवटे दबतात, शाई फुटत नाही, कलम अडत नाही.

या घोटाईचा आपल्याला आजही एक उपयोग आहे. कोणाच्या घरी आजोबांची सनद किंवा वक्फचा जुना कागद असेल, तर अंधारात टॉर्च तिरपा धरून बघा. जिथे अक्षर खरवडून बदललं असेल तिथली घोटाई मोडलेली असते, बाकी कागद चमकतो आणि तेवढी जागा निस्तेज दिसते. एवढ्यावर कोणाला खोटं ठरवू नका. ओल किंवा घडीनेही तसं होतं, आणि कोर्टात दस्तऐवज-तज्ज्ञाचंच मत लागतं. फक्त तो कागद लॅमिनेट करू नका. एकदा वर प्लास्टिक बसलं की टॉर्चला प्लास्टिकचीच चमक दिसेल, कागदाची नाही.