खेळाच्या यंत्रातून आजीचा आवाज

"ह्या खेळण्यात माय कुठून आली रे?" गेल्या दिवाळीत दादांनी मला विचारले. दादा मानवतला जिनिंगमध्ये कामाला आहेत, शिक्षण चौथीपर्यंत. त्या वेळी मला नीट सांगता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांनी खिशात मावणाऱ्या एका प्लेअरवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढे आजी गेली. नंतर प्लेअरची इअरफोन लावायची जागाही निकामी झाली आणि ओव्या आतच अडकल्या. दिवाळीला मामेभावाने पुण्याहून जुने प्लेस्टेशन ३ आणले. २००६ साली बाजारात आलेले हे यंत्र टीव्हीला जोडून खेळ खेळतात. पण ते गाणीही वाजवते. आम्ही प्लेअर यूएसबीच्या तारेने त्याला जोडला.

वाचकहो, येथे एक फरक ध्यानात घ्यावा. इअरफोनच्या तारेतून विजेच्या लहरी येतात. म्हणजे वाजवण्याचे काम प्लेअरच करतो. यूएसबीच्या तारेतून येतात ते केवळ आकडे! ध्वनिमुद्रण करताना दर सेकंदाला आवाजाची हजारो मापे घेतली जातात. सीडीवरील संगीतात तर ४४,१००. ही मापे फाईलमध्ये साठवलेली असतात. यूएसबीने जोडलेला प्लेअर म्हणजे नुसती कणगी. आकडे वाचून त्यांचा पुन्हा आवाज करण्याचे काम खेळाचे यंत्र करते. म्हणूनच प्लेअर बिघडला तरी ओव्या शाबूत होत्या.

मात्र फाईलचा प्रकार यंत्राच्या ओळखीचा हवा. प्लेस्टेशन ३ ला एमपी३ आणि डब्ल्यूएव्ही हे प्रकार कळतात. विकत घेतलेल्या काही गाण्यांना पूर्वी कुलूप असे, ती परक्या यंत्रावर वाजत नसत. ॲपलने आपल्या दुकानातील गाण्यांचे कुलूप २००९ साली काढले. आजीच्या ओव्यांना कुलूप कोण लावणार?

तरीही पडद्यावर प्रथम काहीच दिसेना. हे यंत्र गाणी 'म्युझिक' नावाच्या कप्प्यात शोधते. त्रिकोणाचे बटण दाबून 'डिस्प्ले ऑल' निवडताच फाईल दिसली आणि टीव्हीतून जात्याची घरघर सुरू झाली. दादा उभेच राहिले.

दादा, माय त्या खेळण्यात नव्हती. तिच्या आवाजाची मापे काकांच्या प्लेअरमध्ये होती. आता मी ती तुमच्या मोबाइलमध्येही उतरवली आहेत. प्लेअरही जपून ठेवला आहे.

(बी. ए. द्वितीय वर्ष)