समजून घ्या : सरकार बदललं की परदेशी कर्जाचे प्रकल्प का अडकतात?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकरांना ‘पोकरा’ नवी नाही. शेततळं, ठिबकसाठी अनुदान देणारी ही योजना जागतिक बँकेच्या कर्जावर 2018 मध्ये सुरू झाली. पुढे सरकारं बदलली, योजना टिकली. मुंबईच्या मेट्रो-3 चं मात्र तसं झालं नाही.

नेमकं काय घडलं?
मेट्रो-3 ला जपानच्या ‘जायका’चं कर्ज आहे. आरेतल्या झाडतोडीवरून वाद पेटला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये ठाकरे सरकारने तिथल्या कारशेडला स्थगिती दिली. 2020 मध्ये कांजूरमार्ग ठरलं; त्या जागेवर केंद्राने हक्क सांगितला, उच्च न्यायालयाने काम रोखलं. 2022 मध्ये शिंदे सरकारने कारशेड पुन्हा आरेत आणलं. मूळ 23,136 कोटींचा खर्च तोवर 33,405 कोटींवर गेला होता. अर्थात, वाढीमागे इतरही कारणं होती.

असं का होतं?
पैसा परदेशी संस्था देते, पण जागा सरकार ठरवतं. जागेचा वाद मतांशी जोडला की निर्णय फिरतो. ‘पोकरा’चे लाभार्थी गावोगावी आहेत, ती बंद करणं कुठल्याच पक्षाला परवडत नाही.

वाशीचा काय संबंध?
वाढीव खर्चातला राज्याचा वाटा राज्याच्याच तिजोरीतून जातो. त्या तिजोरीत मेट्रोत कधीही न बसलेल्या वाशीकरांचाही कर असतो.