भाकितांचा बाजार : भाव आणि संभाव्यता

२३ जुलै २०१७. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. इंग्लंडच्या २२८ धावांना उत्तर देताना भारताच्या ३ बाद १९१ धावा झाल्या होत्या. ७ गडी शिल्लक होते, सुमारे ७ षटके बाकी होती आणि हव्या होत्या फक्त ३८ धावा. त्या क्षणी भारत जिंकण्याची शक्यता किती, असे विचारले असते तर अनेकांनी "शंभरात नव्वद" असे उत्तर दिले असते. प्रत्यक्षात पूनम राऊत ८६ धावांवर बाद झाली, आन्या श्रबसोलने ४६ धावांत ६ गडी टिपले आणि शेवटचे ७ गडी २८ धावांत गमावून भारत ९ धावांनी हरला.

मग 'नव्वद' म्हणणारा चुकला का? प्रश्न साधा वाटतो, पण संभाव्यतेच्या धड्यातील सर्वांत अवघड गोष्ट त्यात दडलेली आहे. ती समजून घेण्यासाठी आपण एका वेगळ्याच बाजारात डोकावू.

चिठ्ठी आणि तिचा भाव

काही देशांत भाकितांची रीतसर खरेदी-विक्री चालते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९८८ साली निवडणुकांच्या अभ्यासासाठी असा एक छोटा बाजार सुरू केला. त्यात एका व्यक्तीला ५०० डॉलरपेक्षा जास्त रक्कम गुंतवता येत नसे. पुढे असे बाजार संगणकावर आणि मग मोबाइलवर आले. महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामन्यांवरही आता तेथे व्यवहार होतात.

बाजार चालतो कसा? समजा, 'भारत जिंकेल' अशी एक चिठ्ठी आहे. भारत जिंकला तर चिठ्ठी बाळगणाऱ्याला १०० रुपये मिळतील, हरला तर काहीही नाही. एक जण ही चिठ्ठी ६५ रुपयांना घ्यायला तयार आहे. दुसरा 'भारत हरेल' ही चिठ्ठी ३५ रुपयांना घ्यायला तयार आहे. दोघांचे मिळून १०० रुपये जमतात. बाजार चालवणारा ते सांभाळतो आणि निकालानंतर विजेत्याला देतो.

आता ६५ या भावाचा अर्थ काय? भारत जिंकण्याची संभाव्यता ०.६५ असेल, तर अशा शंभर चिठ्ठ्यांमागे सरासरी ६५ वेळा १०० रुपये मिळतील. म्हणजे एका चिठ्ठीची सरासरी किंमत ६५ रुपये. भाव हा अशा रीतीने संभाव्यतेचा आकडा होतो. संभाव्यता याहून जास्त आहे असे ज्याला वाटते तो विकत घेतो, आणि कमी वाटते तो विकतो. सामन्यात दोन गडी झटपट बाद झाले की विकणारे वाढतात आणि भाव उतरतो. कोणी ४० रुपयांना घेतलेली चिठ्ठी सामना संपण्याआधीच ७० रुपयांना विकून मोकळाही होतो.

अनेकांचा अंदाज बरोबर का येतो?

१९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथे एका जत्रेत बैलाचे वजन ओळखण्याची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी तेथील ७८७ अंदाज तपासले. सर्व अंदाज चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज होता १२०७ पौंड. खरे वजन होते ११९८ पौंड. कोणाचा अंदाज जास्त, कोणाचा कमी. एकत्र केल्यावर चुका एकमेकींना खोडून काढतात.

पण त्यासाठी एक अट आहे : प्रत्येकाने आपल्यापुरता विचार केलेला हवा. बाजारात मात्र प्रत्येकाला चालू भाव दिसत असतो. इतर घेत आहेत म्हणून आपणही घेतले, की चुका खोडल्या न जाता एकाच दिशेला साचतात. आपला संघ जिंकावा ही इच्छाही भावात मिसळते.

महिला क्रिकेटच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुरुषांच्या तुलनेत सामने कमी होतात, त्यामुळे अंदाज बांधायला आधार कमी मिळतो. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत तोवर कोणत्याही संघाने एवढ्या धावांचा पाठलाग यशस्वी केला नव्हता. म्हणून संभाव्यता शून्य होती का? जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर भारताने ५ बाद ३४१ धावा करून तो सामना जिंकला. 'आजवर घडले नाही' आणि 'घडणे अशक्य आहे' यांत फार अंतर आहे.

भाव बरोबर, तरी तोटा

भाव म्हणजे संभाव्यता असेल, तर हुशार माणसाला पैसे का मिळू नयेत? येथे थोडी आकडेमोड करू. संभाव्यता खरोखरच ०.६५ आहे आणि चिठ्ठी ६५ रुपयांना घेतली. बाजार चालवणारा जिंकणाऱ्याकडून २ रुपये दलाली घेतो असे धरू. जिंकल्यास नफा ३३ रुपये, हरल्यास तोटा ६५ रुपये. सरासरी :

०.६५ × ३३ − ०.३५ × ६५ = २१.४५ − २२.७५ = −१.३०

म्हणजे प्रत्येक चिठ्ठीमागे सरासरी १ रुपया ३० पैसे तोटा. बाजाराला जेवढे कळते तेवढेच आपल्यालाही कळून भागत नाही, त्याहून जास्त कळावे लागते. शिवाय एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो, त्यामुळे सर्वांची बेरीज केली की दलालीएवढी वजाबाकी उरतेच. गिऱ्हाईक थोडे असेल तर घेणारा ६२ म्हणतो आणि विकणारा ६८. घाईने घेऊन लगेच विकणाऱ्याचे ६ रुपये जागीच जातात. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला चेंडूचा निकाल प्रक्षेपण पाहणाऱ्याच्या काही सेकंद आधी कळतो, हे वेगळेच.

याहून गंभीर धोका म्हणजे निकालच विकत घेण्याचा मोह. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने बांगलादेशच्या एका खेळाडूवर ५ वर्षांची बंदी घातली. २०२३ च्या विश्वचषकादरम्यान तिने दुसऱ्या खेळाडूला पैशांचे आमिष दाखवून स्वतःच्याच बॅटने यष्ट्या पाडून बाद व्हायला सांगितले होते. त्या दुसऱ्या खेळाडूने ही गोष्ट लगेच अधिकाऱ्यांना कळवली. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तेव्हा वर्गात हा विषय काढताना पैशाला जागा नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे.

वर्गात करून पाहा

पैशांशिवाय हा प्रयोग सुंदर होतो. भारतीय महिला संघाच्या प्रत्येक सामन्याआधी, नाणेफेकीपूर्वी, विद्यार्थ्यांनी भारत जिंकण्याची संभाव्यता ० ते १ यांमधील आकड्यात वहीत लिहावी. एकमेकांचे आकडे पाहू नयेत. निकाल लागल्यावर भारत जिंकला तर १, नाहीतर ० धरावा. लिहिलेला आकडा आणि निकाल यांच्या फरकाचा वर्ग करावा. हे गुण जितके कमी तितके चांगले. ही पद्धत अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी सुचवली.

०.७ लिहिले आणि भारत जिंकला तर ०.०९ गुण, हरला तर ०.४९. नेहमी ०.५ लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी ०.२५ मिळतात. एखाद्याला मनातून ०.७ वाटते, पण ऐट म्हणून त्याने १ लिहिले तर? त्याचे सरासरी गुण ०.३ × १ = ०.३० होतील. प्रामाणिकपणे ०.७ लिहिले असते तर ०.७ × ०.०९ + ०.३ × ०.४९ = ०.२१. जे वाटते तेच लिहिण्यात फायदा आहे, हे मुलांना स्वतःच्या आकडेमोडीतून दिसते. वर्गाच्या सरासरी आकड्याचेही गुण काढावेत. ते किती विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरतात ते पाहण्याजोगे असते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. लॉर्ड्सवर 'नव्वद' म्हणणारा चुकला का? एका सामन्यावरून ते सांगता येत नाही. त्याने ज्या ज्या वेळी 'नव्वद' म्हटले ते सारे प्रसंग गोळा करावे लागतील. त्यांतील दर दहापैकी सुमारे नऊ वेळा ती गोष्ट घडली असेल, तर त्याचा अंदाज उत्तम आहे. उरलेली एक वेळ त्याच्या आकड्यातच होती. म्हणून वह्या वर्षभर जपून ठेवाव्यात. वीस-पंचवीस सामन्यांनंतर त्या वह्यांकडे पाहून मुलांना बरेच काही सांगता येईल.