अपघाती मृत्यूंच्या जुन्या नोंदी आणि त्यांची भाषा

१

वंशाचा इतिहास शोधणारास पूर्वजाच्या मृत्यूची तिथी पुष्कळदा सापडते. मृत्यू कसा आला हे मात्र क्वचितच सापडते. वयोमानाने किंवा आजाराने आलेल्या मृत्यूविषयी जुनी दप्तरे सहसा मौन बाळगतात. कोणी विहिरीत बुडाला, गाडीखाली सापडला, झाडावरून पडला, म्हणजे मात्र चौकशी होते, साक्षी घेतल्या जातात आणि कागद तयार होतो. सामान्य माणसाच्या आयुष्यातील एखादा दिवस तपशीलवार दृष्टीस पडतो तो अनेकदा त्याच्या अपमृत्यूचाच असतो. असा कागद हाती आला की शोध संपला असे वाटते. वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो; कारण त्या कागदातील ‘अपघात’ हा शब्द घटनेचे वर्णन नसून कोणीतरी अधिकाराने दिलेला निर्णय असतो. निर्णयाची भाषा आणि घटना यांतील हे अंतर इंग्लंडमधील कॉरोनरच्या नोंदींत फार स्पष्टपणे दिसते. ती पद्धत पुढे मुंबईतही आली असल्यामुळे मराठी अभ्यासकास तिचा परिचय असणे उपयुक्त आहे.

२

इंग्लंडात कॉरोनर हे पद ११९४ साली निर्माण झाले. राजमुकुटाचे हक्क सांभाळणे हे त्या अधिकाऱ्याचे मूळ काम. त्याच्या पदनामातही ‘मुकुट’ हाच शब्द आहे. आकस्मिक वा अनैसर्गिक मृत्यू घडला की तो घटनास्थळी जाई, आसपासच्या गावांतील पुरुष पंच म्हणून बोलावी आणि त्यांच्यासमक्ष प्रेत पाहून चौकशी करी. मृत कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी, कोठे, कशामुळे मेला, हे प्रश्न ठरलेले होते. याशिवाय आणखी एक प्रश्न असे : ज्या वस्तूमुळे मृत्यू घडला तिची किंमत काय? ती वस्तू, मग ते गाडीचे चाक असो, घोडा असो की उकळत्या पाण्याचे भांडे असो, ‘डिओडँड’, म्हणजे देवास द्यावयाची वस्तू, ठरे आणि तिचे मूल्य राजाकडे जमा होई. अर्थात चौकशीचा एक हेतू महसुलाचा होता, हे नोंद वाचताना विसरता कामा नये.

या महसुली कागदांनी इतिहासाला अनपेक्षित देणगी दिली. बार्बरा हॅनावॉल्ट यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द टाइज दॅट बाउंड’ या ग्रंथात मध्ययुगीन शेतकरी कुटुंबाचे दैनंदिन जीवन बव्हंशी अशाच नोंदींच्या आधारे उभे केले आहे. कोण कोठे मेला यावरून कोण कोठे वावरत होता हे कळते. चूल, विहीर, शेत, गाडीवाट ही स्थळे मृत्यूची म्हणून नोंदली गेली. पण ती मुळात कामाची आणि खेळाची स्थळे होत.

भाषेच्या दृष्टीने या नोंदी विशेष लक्षणीय आहेत. मधला काही काळ सोडल्यास १७३३ पर्यंत इंग्लंडच्या न्यायदप्तराची भाषा लॅटिन होती. साक्षीदार इंग्रजीत बोलत आणि लेखनिक लॅटिनमध्ये लिही. परंतु प्रतिशब्द न सुचल्यास वा नेमकेपणा हवा असल्यास मूळ इंग्रजी शब्द तसाच कागदावर उतरे. १५६९ सालच्या जून महिन्यात वूस्टरशर परगण्यातील अप्टन वॉरन येथे जेन शॅक्सपियर नावाची अडीच वर्षांची मुलगी गिरणीच्या तलावाकाठी फुले तोडताना पाण्यात पडून बुडाली. ऑक्सफर्डचे इतिहासकार स्टीव्हन गन व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून ही नोंद पुढे आली आणि २०११ मध्ये तिची सर्वत्र चर्चा झाली. त्या लॅटिन मजकुरात फुलांचे नाव मात्र ‘येलो बॉडल्स’ असे गावच्या बोलीतच आहे. कायद्याच्या भाषेखालून साक्षीदाराचा आवाज ऐकू यावा असे हे स्थान होय. अशा शब्दांना दप्तराच्या ठरीव वाक्यांपेक्षा अधिक प्रामाण्य द्यावयास हवे. कारण ते साच्यातून आलेले नसतात. मात्र ही मुलगी नाटककार शेक्सपियरच्या नात्यातील होती असे केवळ आडनावावरून म्हणता येत नाही. नामसादृश्य म्हणजे नाते नव्हे, हा वंशसंशोधनाचा पहिला नियम येथेही लागू आहे.

३

आता निर्णयाच्या शब्दांकडे वळावे. पाण्यात सापडलेल्या प्रेताविषयी पंचांपुढे मुख्यतः दोन पर्याय असत. एक ‘पेर इन्फॉर्तुनियम’, म्हणजे दुर्दैवाने घडलेला अपघात. दुसरा ‘फेलो दे से’, म्हणजे स्वतःविरुद्ध गुन्हा करणारा. या दोन शब्दप्रयोगांमधील अंतर केवळ अर्थाचे नव्हते. दुसरा शब्द लिहिला गेला तर मृताची जंगम मालमत्ता जप्त होई आणि त्याला धर्मविधीपूर्वक मूठमाती मिळत नसे. चव्हाट्यावर पुरण्याची चाल १८२३ च्या कायद्याने बंद झाली आणि जप्ती १८७० साली संपली. तोपर्यंत विधवा व मुले यांचे घर चालणे एका शब्दावर अवलंबून होते; आणि तो शब्द ठरविणारे पंच त्याच पंचक्रोशीतील असत.

कॅथरीन हॅम्लेट या तरुणीचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. डिसेंबर १५७९ मध्ये स्ट्रॅटफर्डजवळील टिडिंग्टन येथे ती एव्हन नदीत बुडाली. चौकशी फेब्रुवारी १५८० मध्ये, म्हणजे सुमारे आठ आठवड्यांनी, झाली. पाणी आणण्यासाठी बादली घेऊन गेली असता काठावरून पाय घसरून ती पडली, असा निर्णय पंचांनी दिला. हे अक्षरशः खरे असेल. किंवा मृत मुलीवर व तिच्या घरावर पंचांनी केलेली ती दयाही असेल. कागद यांपैकी एकाच्याही बाजूने साक्ष देत नाही. त्यावरून निश्चितपणे एवढेच म्हणता येते की तिचा मृत्यू अपघात ठरविण्यात आला.

याच्या उलट दिशेचाही एक वाक्प्रयोग आढळतो. ‘ईश्वराच्या भेटीने मृत्यू’ अशा आशयाचे शब्द इंग्रजी नोंदींत वारंवार येतात. वाचकास ते वीज पडण्यासारख्या दैवी आपत्तीचे वर्णन वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अकस्मात आलेल्या नैसर्गिक मृत्यूसाठी तो रूढ निर्णय होता. मराठी कागदपत्रांतील ‘देवाज्ञा झाली’ हा प्रयोग याचा जवळचा सोयरा होय.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंडात मृत्यूची मुलकी नोंदणी सुरू झाली. त्या दाखल्यात माहिती देणारा म्हणून कॉरोनरचे नाव असेल तर चौकशी झाली होती हे निश्चित समजावे आणि स्थानिक वृत्तपत्रांकडे वळावे; कारण चौकशीचे मूळ कागद नष्ट झाले तेथेही वार्ताहराने लिहिलेला वृत्तांत पुष्कळदा शिल्लक आहे. पुढे आगगाडी आली आणि डिओडँडची जुनी कल्पना अडचणीची ठरली. डिसेंबर १८४१ मधील सॉनिंग येथील अपघातानंतर पंचांनी एक हजार पौंडांचा डिओडँड ठरविला होता. १८४६ साली ही प्रथा रद्द झाली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला. ‘वस्तूचा दोष’ जाऊन ‘माणसाचा हलगर्जीपणा’ आला आणि त्याबरोबर नोंदींची शब्दकळाही पालटली.

४

भरपाईचा तसा कायदा हिंदुस्थानात १८५५ साली झाला. कॉरोनरविषयीचा कायदा १८७१ साली झाला. मुंबईतील हे पद १९९९ मध्ये बंद झाले. खेड्यांत हेच काम पोलीसपाटील, पोलीस आणि पंच यांच्याकडे आले व ‘पंचनामा’ हा लेखनप्रकार रूढ झाला.

या कागदांची मराठी अनेक थरांची आहे. ‘पंचनामा’ शब्दात संस्कृत व फारसी एकत्र आले आहेत. ‘मयत’, ‘फौत’, ‘इसम’ हे शब्द अरबीतून आलेले आहेत. प्रत्येक शब्दाचे कार्य ठरलेले आहे. जमिनीच्या दप्तरातील ‘फौत’ एवढेच सांगतो की खातेदार मेला व वारस लावावयाचे आहेत; मृत्यूच्या कारणाशी त्याला कर्तव्य नाही. मराठेशाहीतील पत्रांत ‘कामास आला’ असे असल्यास तो माणूस लढाईत पडला असे समजावयाचे. पोलिसांच्या दप्तरातील ‘अकस्मात मृत्यू’ हा वर्ग तर फसवा आहे : त्यात सर्पदंश, बुडणे, भाजणे यांच्या जोडीला आत्महत्येचीही नोंद होते. केवळ या शीर्षकावरून पूर्वजाचा मृत्यू अपघाती मानणे चूक ठरेल.

मुंबईसारख्या बहुभाषिक शहरात आणखी एक दक्षता हवी. मराठी ‘अपघात’ आणि गुजराती ‘आपघात’ यांत एका मात्रेचा फरक दिसतो. परंतु गुजराती शब्दाचा अर्थ आत्महत्या असा आहे. अपघातासाठी गुजरातीत ‘अकस्मात’ हा शब्द चालतो. उलट कन्नडमध्ये ‘अपघात’ मराठीप्रमाणेच वापरला जातो. दोन भाषांतील कागद एकत्र वाचणारास येथे ठेच लागण्याचा फार संभव आहे.

५

यावरून वाचनाची एक पद्धत सुचते. प्रथम कागद कोणत्या कार्यासाठी लिहिला गेला हे ठरवावे. नंतर माहिती देणारा, लिहिणारा आणि निर्णय देणारा यांना परस्परांपासून वेगळे करावे. तिसरी पायरी भाषाभ्यासकाच्या खास अधिकारातील आहे : पूर्वजाची एकच नोंद न वाचता त्याच कचेरीच्या, त्याच दशकातील शेजारच्या नोंदी वाचाव्यात. विहिरीतील प्रत्येक मृत्यूपुढे ‘पाय घसरून’ असेच लिहिले असेल तर तो साचा आहे. त्यावरून या विशिष्ट मृत्यूविषयी काही सिद्ध होत नाही. साचा जेथे मोडतो, एखादे फूल, एखादी बादली, एखादा बोलीतील शब्द मध्येच येतो, तेथे थांबावे. शेवटी स्वतंत्र पुरावा शोधावा : वृत्तपत्र, खाजगी पत्र, किंवा घरच्या खर्चवहीत नारायणबलीसारख्या विधीचा खर्च. हा विधी दुर्मरणानंतर करावयाचा असल्यामुळे, कागदाने जे झाकले त्याकडे तो कधी कधी निर्देश करतो.

इतके करूनही अनेक ठिकाणी निर्णयाच्या पलीकडे जाता येणार नाही. अशा वेळी ‘अपघाताने मेला’ असे न लिहिता ‘अपघाताने मेल्याचे ठरविण्यात आले’ असे लिहावे. या वाक्यात पुराव्याची मर्यादा पाळली जाते. आणि ज्या शेजाऱ्यांनी तो शब्द निवडला, त्यांचेही त्या घटनेतील स्थान नोंदले जाते.